‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे संपलंच का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्तनाच्या कॅन्सरचे वेगवेगळे गट आणि कुठल्या गटातल्या किती बायका पाच वर्षांनी हयात असतात यावर दोन पानं लिहिली होती, त्यात एक तक्ता दिला होता. त्या तक्त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आलीत. आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही, मी कॅन्सर पेशंटच्या नोंदींवर आकडेवारीचं काम करते, त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं हे मला विचारू नका, पण आकडा कसा वाचायचा हे नक्की विचारा.

प्रश्न : ताई, आईला (वय ५३) मार्चमध्ये निदान झालं. रिपोर्टवर ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, स्टेज दोन. मावशीला सहा वर्षांपूर्वी हाच कॅन्सर झाला, तिचा ईआर पॉझिटिव्ह होता, ती रोज एक गोळी घेते आणि ठणठणीत आहे. तुमचा तक्ता वाचला आणि मग रात्रभर मोबाइलवर शोधत बसले, सगळीकडे एकच, ट्रिपल निगेटिव्ह सगळ्यात वाईट. आईला काही बोलले नाही. खरंच संपलंय का सगळं? – एक मुलगी, सांगली

उत्तर : नाही गं, संपलेलं नाही. आणि तो तक्ता वाचून तुझी रात्र अशी गेली याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या तक्त्यात जे लिहायला हवं होतं ते जागेअभावी राहून गेलं, ते आता लिहिते.

आपण ज्याला एकच आजार म्हणतो त्यात मुळात तीन-चार वेगळे आजार आहेत. २००० साली पेरू नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींमधल्या जीन्सची हालचाल मोजून हे पहिल्यांदा नीट दाखवलं, पण रोजच्या कामात प्रत्येक गाठीचे जीन्स कोणी मोजत नाही, म्हणून लॅबमध्ये तीन रंग देऊन बघतात, इस्ट्रोजेन पकडणारा ईआर, प्रोजेस्टेरॉन पकडणारा पीआर आणि हर-टू नावाचं प्रथिन. पहिल्या दोघांपैकी काही असलं तर हार्मोनचं काम रोखणारी गोळी चालते (मावशीची ती रोजची गोळी हीच), हर-टू जास्त असलं तर ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन चालतं, आणि तिन्ही नसलं तर ट्रिपल निगेटिव्ह. बघ, हे नावच मुळी ‘काय नाही’ यावरून पडलंय, त्या गटात काय आहे हे त्यात सांगितलेलंच नाही, त्या एका नावाखाली खूप वेगवेगळ्या गाठी एकत्र ठेवल्यात.

आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत पाच वर्षांचं प्रमाण साधारण असं आहे (त्याच वयाच्या इतर बायकांशी तुलना करून काढलेलं) : ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह गटात १०० पैकी ९५, हार्मोन आणि हर-टू दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर ९१, नुसतं हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ८६, आणि ट्रिपल निगेटिव्ह ७८. तू मोबाइलवर बघितलं ते इथपर्यंतच. पण हा ७८ आहे कोणाचा? त्यात गाठ फक्त स्तनातच आहे अशा बायका आहेत आणि आजार फुप्फुसात किंवा मेंदूत पोचलाय अशाही आहेत. वेगळं करून बघितलं तर पहिल्या प्रकारच्या बायकांमध्ये ट्रिपल निगेटिव्ह असूनसुद्धा ९१-९२, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेल्यांत ६७च्या आसपास आणि लांब पसरलेल्यांत १५च्या आत. म्हणजे गटापेक्षा स्टेजचा फरक कितीतरी मोठा आहे. तुझ्या आईची स्टेज दोन आहे, म्हणजे काखेत काय आहे त्यावर ती पहिल्या दोन ओळींच्या मधे कुठेतरी येते, तिसऱ्या ओळीशी तिचा संबंध नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर हे तिन्ही आकडे एकमेकांत मिसळूनच समोर येतात.

आणि अजून एक गोष्ट जी पाच वर्षांच्या आकड्यात दिसतच नाही. ट्रिपल निगेटिव्ह आजार परत यायचा असेल तर बहुतेक वेळा लवकर येतो. टोरंटोत १६०१ बायकांचा अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला, त्यात १८० जणी ट्रिपल निगेटिव्ह होत्या, त्यांच्यात धोका तिसऱ्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वर गेला, मग भराभर उतरला आणि आठ वर्षांनंतर कोणाचा आजार लांबच्या अवयवात परत आला नाही. उलट मावशीच्या गटात धोका कमी असतो पण तो लवकर संपत नाही. २०१७ साली जवळपास ६३ हजार बायकांची माहिती एकत्र केली होती, पाच वर्षं गोळी घेऊन थांबलेल्या, आणि त्यांच्यात पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत आजार परत येणं थोडं थोडं चालूच होतं. म्हणून माझी विनंती अशी की आईची काळजी करताना मावशीला विसरू नकोस, ‘ठणठणीत आहे, आता गोळी कशाला’ असं तिला वाटायला लागलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नकोस.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. एक, केमो ऑपरेशनच्या आधी देणार असतील तर ऑपरेशनच्या वेळी गाठ पूर्ण विरघळली का ते, कारण या गटात ज्यांची पूर्ण विरघळते त्यांचं पुढचं चित्र एकदम वेगळं आणि चांगलं असतं. २०२१ पासून अमेरिकेत या टप्प्याला केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध मंजूर आहे, आपल्याकडेही मिळतं, महाग आहे, पण विचारायला काय हरकत आहे. दोन, बीआरसीए जीनची तपासणी (हा जीन बिघडलेला असला तर घरातल्या बायकांना या कॅन्सरचा धोका वाढतो). दोन सख्ख्या बहिणी, त्यात एक ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ही तपासणी विचारायलाच हवी आणि ती आईइतकीच तुझ्यासाठीही आहे. आईशी बोल पण, तिला कळत नसेल असं समजू नकोस.

प्रश्न : मॅडम, मी एमडी करतोय, थिसिसचा विषय ‘स्तनाच्या कॅन्सरच्या उपगटांमधली पेशंटची वैशिष्ट्यं आणि सर्व्हायव्हल यांची तुलना’. १८० पेशंट आहेत, जुन्या फायलींमधून माहिती काढली. तक्ता झाला, कॅपलान-मायर आलेख झाला, सॉफ्टवेअरने पी व्हॅल्यू ०.०३ दिली. गाईड म्हणतात झालं, लिहून टाक. पण माझ्या आलेखात ट्रिपल निगेटिव्हची रेघ चौथ्या वर्षानंतर हर-टूच्या रेघेला छेदून वर जाते. हे चुकलंय का? – निवासी डॉक्टर, नागपूर

उत्तर : चुकलं असेलच असं नाही, पण लिहून टाकू नका, आणि तुम्हाला ते छेदणं खटकलं याचा मला आनंद झाला, कारण बरेच जण पी व्हॅल्यू बघून आलेखाकडे परत बघतच नाहीत. थोडं सविस्तर लिहिते, तुमच्यासारखे अजून दहाजण हेच करत असतील. (बाकीच्या वाचकांसाठी : कॅपलान-मायर आलेख म्हणजे गटातल्या किती जणी किती वर्षांनी हयात आहेत हे दाखवणारी उतरती रेघ, आणि पी व्हॅल्यू म्हणजे गटांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता.)

सुरुवात गटांपासून करा, आलेखापासून नको. तुमचे गट लॅबच्या रिपोर्टवरून पडलेत, मग तो रिपोर्ट कसा झाला ते बघितलंत का? गाठ काढल्यावर तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये जायला हवी आणि त्यात निदान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. प्रत्यक्षात काय होतं? शनिवारी दुपारी तालुक्याच्या गावात ऑपरेशन, गाठ एका छोट्या बरणीत कोंबलेली, वर बोटभर फॉर्मेलिन, झाकणाला चिकटपट्टी, नातेवाईक ती पिशवीत घालून एसटीने निघतात आणि सोमवारी लॅबमध्ये देतात. मी अशी बरणी हातात घेतलीये, गाठीचा मधला भाग द्रव न पोचल्यामुळे मऊ पडलेला होता. अशा गाठीत ईआर असला तरी दिसत नाही, रिपोर्टवर निगेटिव्ह येतं, आणि ती बाई जिला गोळी लागू पडली असती ती तुमच्या तक्त्यात ट्रिपल निगेटिव्हच्या रकान्यात बसते. भारतातल्या अभ्यासांत ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण २५ ते ३० टक्के येतं आणि पश्चिमेकडे १० ते १५, यातला काही फरक आपल्या पेशंट तरुण असतात म्हणून खरा आहे, पण काही या बरणीतला आहे असं माझं मत आहे. तसंच हर-टू ‘दोन प्लस’ म्हणजे अनिश्चित, तिथे फिश टेस्ट (हर-टू जीनच्या प्रती मोजणारी तपासणी) करावी लागते, आणि पैशाअभावी ती अनेकदा होत नाही. तुमच्या १८० मध्ये असे किती आहेत? त्यांना निगेटिव्ह धरलंत, सोडून दिलंत की वेगळा गट केलात, जे केलंत ते लिहा.

मग तो पहिला तक्ता, वय, पाळी चालू की गेलेली, गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड, स्टेज. सगळे तो सवयीने टाकतात आणि पुढे जातात. पण तो वाचायचा असतो ! कारण जगण्याची तुलना करण्याआधी हे बघायचं असतं की दोन रकान्यांतली माणसं एकमेकांसारखी आहेत का. ट्रिपल निगेटिव्ह रकान्यातल्या बायका दहा वर्षांनी तरुण असतील, स्टेज तीन जास्त असेल, तर पुढच्या आलेखात जो फरक दिसतो तो गाठीचा किती, स्टेजचा किती हे सांगता येत नाही. आणि त्या तक्त्यात दोन ओळी माझ्या आग्रहाखातर वाढवा, पेशंट किती लांबून येते आणि ठरलेली ट्रीटमेंट पूर्ण झाली का. हर-टू पॉझिटिव्ह बाईला ट्रॅस्टुझुमॅब मिळालं की नाही हे न लिहिता तिच्या गटाचं सर्व्हायव्हल लिहिणं मला पटत नाही. १९८७ साली स्लॅमन या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की हर-टू जास्त असलेल्या बायका लवकर जातात, १९९८ मध्ये औषध आलं आणि ‘सगळ्यात वाईट’ मानला जाणारा गट हळूहळू वर सरकला. गाठ तीच होती, फरक औषधाने पडला. आपल्याकडे २०१४ मध्ये बायोकॉन कंपनीचं ट्रॅस्टुझुमॅबचं स्वस्त बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध) आलं, त्याआधीच्या फायली आणि नंतरच्या फायली एकाच ढिगात घातल्यात तर तुमची हर-टूची रेघ दोन वेगळ्या काळांची सरासरी होईल.

आता रेघा छेदतात त्याबद्दल. कॅपलान आणि मायर यांची ही पद्धत १९५८ची आहे आणि तिचं सगळं मोठेपण यात आहे की ज्यांचा शेवट आपल्याला माहीत नाही त्यांनाही ती वापरून घेते. समजा १० बायका आहेत. वर्षभरात एक गेली, म्हणजे ९० टक्के. नंतर चौघींचा पत्ताच लागत नाही. राहिल्या पाच, त्यातली एक दुसऱ्या वर्षी गेली, म्हणजे त्या वर्षात पाचातल्या चार राहिल्या, ८० टक्के, ०.९ गुणिले ०.८, ७२ टक्के. पत्ता नसलेल्यांना जिवंत धरलं असतं तर ८० आले असते, मृत धरलं असतं तर ४०. पद्धत ७२ म्हणते कारण तिने मनात धरलंय की ज्या हरवल्या त्या राहिलेल्यांसारख्याच आहेत. हे तुमच्या पेशंटच्या बाबतीत खरं आहे का, हा एक प्रश्न स्वतःला विचारा. हॉस्पिटलला यायचं थांबलेली बाई कधी बरी झाली म्हणून थांबते, कधी पैसे संपले म्हणून, आणि कधी तिचं घरीच काही झालेलं असतं. चौथ्या वर्षानंतर तुमची ट्रिपल निगेटिव्हची रेघ सपाट झाली ती वर सांगितलेल्या टोरंटोच्या अभ्यासासारख्या खऱ्या कारणाने, की तिथे आता सहाच बायका उरल्यात म्हणून? आलेखाच्या खाली प्रत्येक वर्षाला किती जणी उरल्या ते आकडे छापा, मग वाचणाऱ्याला कळेल. उरलेल्या सहा असतील तर त्या छेदण्यावर एक वाक्यही लिहू नका. पुरेशा असतील तर ते छेदणंच तुमच्या थिसिसमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि मग कॉक्सच्या पद्धतीचं (एका गटाचा धोका दुसऱ्याच्या किती पट हे सांगणारं) एकच गुणोत्तर देऊन ‘दीडपट धोका’ म्हणू नका, ते गुणोत्तर असं समजतं की धोक्याचं प्रमाण सगळ्या वर्षांत सारखं आहे, आणि ते नाहीये हे तुमच्याच आलेखात दिसतंय. पहिली तीन वर्षं आणि नंतरची, असं वेगळं द्या.

अजून एक, घड्याळ कुठून सुरू केलंत? निदानाच्या दिवसापासून की तुमच्याकडे नोंद झाली त्या दिवसापासून? मोठ्या हॉस्पिटलात बाहेर एकदा ऑपरेशन होऊन, आजार परत आल्यावर आलेल्या बायका असतात, त्या पहिल्यांदाच आलेल्यांबरोबर एका गटात नकोत. आणि पुढे कॉक्समध्ये आठ-दहा गोष्टी एकदम घालायचा मोह होईल, पण मृत्यू जर ३० असतील तर तीनच्या वर गोष्टी घालू नका. गाईडना हे पत्र दाखवलंत तरी चालेल.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता फिरतोय, एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात स्टेज तीनच्या पेशंट सरकारी हॉस्पिटलपेक्षा जास्त जगतात, चारच्याही जास्त जगतात. मग खाजगीच चांगलं ना? कर्ज काढू का? – डोंबिवली

उत्तर : नुसत्या त्या तक्त्यावर कर्ज काढू नका. सांगते का ते.

खाजगीत प्रत्येकीचं पेट स्कॅन होतं असं समजा, सरकारीत एक्स-रे आणि सोनोग्राफी. एका बाईच्या कमरेच्या हाडात मुगाच्या डाळीएवढा डाग आहे. सोनोग्राफीत तो दिसत नाही, ती स्टेज तीन. पेट स्कॅनमध्ये दिसतो, तीच बाई स्टेज चार. स्टेज तीनमध्ये ती सगळ्यात जास्त आजारी होती, ती निघून गेल्याने तीनची सरासरी वाढते, आणि चारमध्ये ती सगळ्यात कमी आजारी, ती आल्यामुळे चारचीही वाढते. दोन्ही आकडे वाढले आणि एकही बाई एक दिवसही जास्त जगली नाही. १९८५ साली येलच्या फाइनस्टाइन यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये हेच उघड केलं होतं, नव्या तपासण्यांमुळे प्रत्येक स्टेजचा आकडा सुधारलेला दिसत होता.

याच्या उलट पण होतं. मुतखड्याचं एक जुनं उदाहरण आहे, १९८६चं, ब्रिटनमधलं. पोट उघडून ऑपरेशन केलेल्या ३५० पैकी २७३ बरे झाले, ७८ टक्के, आणि कातडीतून बारीक छिद्र पाडून काढलेल्या ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. छिद्रवालं चांगलं वाटतं की नाही? आता खड्याच्या आकाराने वेगळं करा. छोटे खडे, उघड ऑपरेशन ९३ टक्के, छिद्र ८७. मोठे खडे, उघड ७३, छिद्र ६९. दोन्हीकडे उघड ऑपरेशन पुढे ! कारण मोठ्या, अवघड खड्यांना डॉक्टर उघड ऑपरेशनकडेच पाठवत होते. जे हॉस्पिटल अवघड पेशंट परत पाठवत नाही त्याचा आकडा खाली दिसणारच, आणि आपली सरकारी आणि ट्रस्टची हॉस्पिटलं हेच करतात. तुम्हाला सर्जनचा अनुभव, ट्रीटमेंट वेळेवर सुरू होते का, फुले योजनेत तिथे काय बसतं हे बघायचं आहे, त्या तक्त्यात यातलं काहीच नाही.

प्रश्न : मी ४२ वर्षांची, ट्रिपल निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले टाटाच्या अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांना कार्बोप्लॅटिनचा फायदा झाला. माझा भाऊ इंजिनिअर आहे, तो म्हणतो उपगटातले निष्कर्ष कधीच खरे नसतात, डेटा पिळला की काहीही निघतं. कोणाचं ऐकू? – कोल्हापूर

उत्तर : भाऊ जे म्हणतोय ते बऱ्याच वेळा खरं असतं, पण इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे.

भावाची बाजू आधी. १९८८ मध्ये हार्ट अटॅकच्या १७,१८७ पेशंटचा एक मोठा अभ्यास छापला गेला, अॅस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले. संपादकांनी वेगवेगळ्या उपगटांचे आकडे मागितले, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशीप्रमाणेही गट पाडून दाखवले, जन्मतारखेवरून काढतात त्या राशी, आणि मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अॅस्पिरिनचा फायदा होत नाही, उलट किंचित तोटाच होतो असं आलं. म्हणजे तुम्ही एकही खरा फरक नसताना वीस वेळा गट पाडून बघितलंत, आणि दर वेळी चुकायची शक्यता १०० पैकी ५ धरली, तर निदान एकदा तरी ‘फरक आहे’ असं खोटं उत्तर मिळायची शक्यता १०० पैकी ६४ आहे.

मग टाटाचं वेगळं काय? त्यात ७२० बायका होत्या, ऑपरेशनच्या आधीच्या केमोत अर्ध्यांना पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीला दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन दिलं, आणि कोणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, त्यामुळे दोन्हीकडच्या बायका सारख्या होत्या. पाळी चालू की गेलेली हे बघून दोन्ही बाजूंना समान वाटणी सुरुवातीलाच केली होती, म्हणजे वयाशी जोडलेला हा फरक नंतर आकडे हाती आल्यावर सुचलेला नाही. पन्नास आणि त्याखालच्या बायकांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ६६च्या आसपासवरून ७७च्या आसपास गेलं, पन्नाशीपुढच्यांत फायदा दिसला नाही. तरुण वयातल्या या गाठींत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा जास्त वेळा बिघडलेली असते आणि कार्बोप्लॅटिन नेमकं डीएनएवर घाव घालतं, त्यामुळे कारणही पटण्यासारखं आहे, राशीसारखं नाही. वर हे औषध जुनं आहे, स्वस्त आहे, आणि अभ्यास आपल्याच बायकांवर झालाय. रक्तपेशी कमी होण्याचा त्रास होऊ शकतो तो डॉक्टरांकडून समजून घ्या. भावाला हा सगळा परिच्छेद वाचायला द्या, तो इंजिनिअर आहे, त्याला पटेल.

प्रश्न : तुमच्या तक्त्यातले आकडे अमेरिकेचे. आम्ही न्यू जर्सीत, आई जळगावला. तिला कुठले लावायचे? – ईमेलवरून

उत्तर : तिकडचे सरसकट लावू नका. भारतातल्या ११ कॅन्सर रजिस्ट्रींमधल्या (म्हणजे एखाद्या भागातल्या सगळ्या पेशंटची नोंद ठेवणाऱ्या केंद्रांमधल्या), २०१२ ते २०१५ मध्ये निदान झालेल्या बायकांचं पाच वर्षांचं प्रमाण सगळे गट मिळून ६६ टक्के आलं, त्यातही मिझोराममध्ये ७५च्या जवळ आणि अरुणाचलमधल्या पासीघाटला ४२च्या जवळ. अमेरिकेत सगळे गट मिळून ९०च्या पुढे आहे. हा फरक मुख्यतः उशिरा कळण्याचा आणि ट्रीटमेंट अर्धवट राहण्याचा आहे. आईचं लवकर कळलं असेल आणि ट्रीटमेंट पूर्ण होत असेल तर तिचं चित्र या ६६पेक्षा बरंच चांगलं असणार. तुम्ही तिकडून करण्यासारखी गोष्ट म्हणजे पुढच्या केमोच्या तारखेला तिच्याबरोबर कोणीतरी आहे ना ते बघा.

प्रश्न : माझी बायको दीड वर्षापूर्वी गेली. हॉस्पिटलमधून अजून दर सहा महिन्यांनी फोन येतो, ‘पेशंट कशा आहेत?’ दोनदा सांगितलं, तरी परत. फार त्रास होतो. का करतात हे लोक? – बार्शी तालुका

उत्तर : काका, आधी तुमची माफी मागते. फोन करणारे ते लोक म्हणजे आम्हीच, माझ्यासारखेच. दोनदा सांगूनही तिसरा फोन येणं ही आमच्याकडच्या नोंदीतली चूक आहे, ती व्हायला नको होती.

का करतो ते सांगते. वरच्या नागपूरच्या उत्तरात लिहिलंय ना, दहातल्या चार हरवल्या की आकडा कसा डळमळीत होतो, त्या चार कमी करण्यासाठीच हा फोन असतो. मंगळवारी दुपारी आमच्याकडे यादी घेऊन बसतात, साठ-सत्तर नावं, निम्मे नंबर बंद, काही दुसऱ्याच कोणाचे झालेले, कधी शेजारची बाई उचलते आणि म्हणते, त्या गेल्या की हो दिवाळीच्या आधी, आणि आम्ही तारीख विचारतो तेव्हा तिला नेमकी आठवत नाही, ती म्हणते वसुबारस होती बहुतेक, मग पंचांग बघून तारीख लिहितो. तुमच्या बार्शीतच १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली, तिथले लोक फोनही नसतानाच्या काळापासून गावोगाव फिरून ही माहिती गोळा करतात. गावाकडच्या बायका या आजारात किती जगतात हे या देशाला कळलं ते बरंचसं त्यांच्यामुळे.

पुढच्या वेळी फोन आला तर बायकोचा केसपेपर नंबर आणि गेल्याची तारीख एकदा सांगा, ‘नोंद केलीत ना, नाव काय तुमचं’ असं विचारा, आणि परत फोन नको असं स्पष्ट म्हणा, ते लिहून घ्यावंच लागतं. ते जमणार नसेल तर एका साध्या पोस्टकार्डावर दोन ओळी लिहून हॉस्पिटलच्या नोंदणी विभागाला टाका, तुम्हाला बोलावंही लागणार नाही.